नेते शेवटी कुठे परततात?

माझं गाव जऊळका. वाशीम जिल्ह्यातलं, अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचं. काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे काहीही डोक्यात आलं की तक्ता करायची सवय. असाच एक तक्ता केला. तीन रकाने: नेता, मृत्यू कुठे झाला, अंत्यसंस्कार कुठे झाले.

यशवंतराव चव्हाण २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत गेले. समाधी कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत गेले. अंत्यसंस्कार लातूरजवळच्या बाभळगावात. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत, अंत्यसंस्कार परळीला. आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी मुंबईत. अंत्यसंस्कार तासगाव तालुक्यातल्या अंजनीत. बॅरिस्टर अंतुले २ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत गेले. दफन रायगडमधल्या आंबेत या मूळ गावी.

धर्म वेगळा, पक्ष वेगळे, कुणाला अग्नी, कुणाला माती. पण दिशा एकच: शहराकडून गावाकडे. आयुष्यभर मुंबई-दिल्ली केलेला माणूस शेवटी आपल्या मतदारांत, आपल्या मातीत परततो. तिथे राजकारणही थांबत नाही. प्रीतिसंगमावर दरवर्षी वेगवेगळ्या पक्षांचे नेते डोकं टेकवायला जातात. परळीजवळच्या गोपीनाथगडावर १२ डिसेंबर २०१९ रोजी पंकजा मुंडे यांनी स्वपक्षावरची नाराजी जाहीर सभेत बोलून दाखवली. चिता काही तासांत विझते, समाधी मात्र पुढची अनेक वर्षं वारसदारांचं व्यासपीठ होऊन राहते.

मग माझ्या तक्त्यात एक ओळ बसेना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले. मूळ गाव आंबडवे कोकणात, मंडणगड तालुक्यात. तिथे नाही, महानगरात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याबद्दल किती कठोर शब्द वापरले होते ते आठवलं, की ही ओळ वेगळी का आहे ते उमगतं. ज्या खेड्यात पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, मसणवटाही वेगळा, तिथे ‘परतणं’ म्हणजे नेमकं कुठे परतणं?

आणि तरी चैत्यभूमीवर दर ६ डिसेंबरला लाखो माणसं येतात, त्यात आमच्या विदर्भातून रेल्वेने निघालेलीही असतात. इथे दिशा उलटी: नेता गावी गेला नाही, गावंच त्याच्याकडे निघाली.

आपण गाव सोडलेले लोक ‘शेवटी गावीच जायचंय’ असं सहज म्हणतो. ते सहज म्हणता येणं हाही एक वारसाच आहे, आणि तो सगळ्यांच्या वाट्याला आलेला नाही. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत जातीनुसार स्मशानं आजही वेगळी आहेत. नेत्यांच्या समाध्यांना हार घालायला आपण लांबून जातो. आपल्या गावात स्मशानं किती आणि का, एवढं मोजायला तक्तासुद्धा लागत नाही.