एक घर, चार भावंडे आणि लॅटिन

आजचा धागा एका घरातल्या शाळेविषयी आहे. घर लंडनमधले, काळ सोळाव्या शतकाच्या आरंभीचा. घरधनी म्हणजे ‘युटोपिया’ (१५१६) या ग्रंथाचा कर्ता सर थॉमस मोर.

मोरला पहिल्या पत्नीपासून चार अपत्ये होती. थोरली मार्गारेट १५०५ सालची. तिच्या पाठीवर एलिझाबेथ आणि सिसिली, आणि १५०९ मध्ये जन्मलेला धाकटा जॉन. १५११ मध्ये त्यांची आई वारली आणि मोरने लवकरच अ‍ॅलिस नावाच्या विधवेशी विवाह केला. मार्गारेट गिग्ज ही घरात वाढलेली पालित कन्याही या मुलांबरोबर शिकत असे.

त्या काळी युरोपात लॅटिनचे स्थान बरेचसे आपल्याकडील संस्कृतसारखे होते. धर्म, वैद्यक, विद्यापीठ आणि दोन देशांतला पत्रव्यवहार, सारे लॅटिनमध्ये चाले. मुलांसाठी लॅटिन शाळा होत्या, मुलींसाठी त्यांची दारे बंद होती. मुलींना शिकवायचे तर घरीच शिकवणे भाग होते. मोरने शिक्षक नेमले आणि मुलगा व मुली यांना एकत्र बसवले.

येथे खरी अडचण उभी राहते. सर्वांत थोरलीत आणि धाकट्यात चार वर्षांचे अंतर. एकीला इतिहासग्रंथ लागतो, तर दुसरा अजून विभक्तीच घोकतो आहे. विल्यम गॉनेल या शिक्षकाला १५१८ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात मोर हा भेद मान्य करतो. मार्गारेट आणि एलिझाबेथ अधिक प्रगल्भ आहेत, म्हणून सॅलस्ट या रोमन इतिहासकाराच्या पाठाच्या जोडीने त्यांना अहंकारापासून दूर राहण्याचे धडे द्यावेत, असे तो सुचवतो. सिसिली आणि जॉन मागे आहेत हे तो जाणतो आणि त्याबद्दल कुणालाही बोल लावत नाही. याच पत्रात तो असेही म्हणतो की, बी पेरणारा हात पुरुषाचा की स्त्रीचा, याने पिकात फरक पडत नाही. आज हे वाक्य साधे वाटेल. त्या काळात ते तसे नव्हते.

धडा वेगळा असला तरी एक काम मात्र सर्वांना समान होते. मोर राजसेवेमुळे वारंवार घराबाहेर असे, आणि प्रत्येक मुलाने जवळजवळ रोज आपल्याला लॅटिन पत्र लिहावे, अशी त्याची अपेक्षा असे. वेळ नव्हता, पत्र नेणारा घाईने निघाला, लिहायला विषयच नव्हता, या सबबी त्याने आधीच बाद करून टाकल्या होत्या. अभ्यासाविषयी लिहा, खेळाविषयी लिहा. आणि काहीच सुचत नसेल तर त्या ‘काही नाही’विषयीच भरपूर लिहा, मुली बडबड्या असतातच, अशी थट्टाही त्याने केली आहे.

त्याने सांगितलेली रीत मला फार महत्त्वाची वाटते. हवे तर मजकूर आधी इंग्रजीत लिहा, मग लॅटिनमध्ये उतरवा. काय सांगायचे हे एकदा ठरले की मन फक्त भाषेकडे लागते. ही पायरी ऐच्छिक होती. सक्तीचे होते ते पुढचे : लिहिलेले वाक्य आधी सबंध तपासा, मग त्याचा एकेक भाग, चुका दुरुस्त करा, आणि स्वच्छ प्रत काढल्यावर तीही पुन्हा वाचा. हा नियम नवशिक्यालाही लागू पडतो आणि पारंगतालाही, म्हणून चारही मुले त्यात मावत होती.

अशाच एका खेपेला मोरला सर्वांत आवडले ते धाकट्या जॉनचे पत्र. ते इतरांपेक्षा लांब होते, त्यावर अधिक कष्ट घेतलेले दिसत होते, आणि वडिलांचे विनोद त्याने वडिलांवरच उलटवले होते. मोजमाप भावंडांच्या तुलनेत कोण पुढे याचे नव्हते. शिक्षेबाबत तर मोरने घोड्यावरून प्रवास करताना मुलांसाठी रचलेल्या लॅटिन पद्यपत्रात म्हटले आहे की, त्याचा चाबूक मोरपिसांचा असे.

विद्वान इरॅस्मस या कुटुंबाचा स्नेही. मुलींनी त्याला पत्रे लिहिली तेव्हा मोरने अक्षर गचाळ असल्याचा बहाणा करून ती पुन्हा लिहून काढायला लावली, आणि नंतर एक अक्षरही न बदलता मोहोरबंद करून धाडली. स्त्रियांना विद्येचा उपयोग काय, अशी शंका इरॅस्मसला पूर्वी होती. ती या घराने दूर केली, हे त्याने १५२१ मध्ये फ्रेंच पंडित ब्यूदे याला कळवले.

मार्गारेट कोठवर पोहोचली? तिसऱ्या शतकातील बिशप सिप्रियन याच्या पत्रव्यवहारातील एका पत्राच्या प्रतींत ‘निसि वोस’ म्हणजे ‘तुमच्यावाचून’ असा पाठ होता, आणि त्या जागी त्याचा अर्थच लागत नव्हता. मूळ शब्द ‘नेर्वोस’, म्हणजे स्नायू, असावा असे तिने सुचवले, आणि वाक्य उलगडले. पोथ्यांतील लेखनिकांच्या चुका ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना या एका दुरुस्तीचे मोल कळेल.

या विद्येला घराबाहेर जागा मात्र नव्हती. इरॅस्मसच्या एका प्रार्थनाविवेचनाचा तिने केलेला इंग्रजी अनुवाद छापला गेला, तेव्हा मुखपृष्ठावर तिचे नाव आले नाही. केवळ एकोणीस वर्षांची सुविद्य तरुणी, एवढाच उल्लेख. जॉननेही पुढे एका लॅटिन पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर केले, ते १५३३ मध्ये छापले गेले.

६ जुलै १५३५ रोजी मोरचा शिरच्छेद झाला. राजा हेन्रीला चर्चचा प्रमुख मानण्यास त्याने नकार दिला होता. टॉवरच्या कैदेत त्याने ख्रिस्ताच्या दुःखावर एक लॅटिन ग्रंथ लिहिला होता.

मार्गारेटने आपल्या मुलांसाठी केंब्रिजचा विद्वान रॉजर आस्कम याला शिक्षक म्हणून बोलावले. तो आला नाही. तरीही तिची मुलगी मेरी लॅटिन आणि ग्रीक शिकली. आजोबांच्या त्या कैदेतील ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद तिनेच केला. १५५७ मध्ये मोरच्या इंग्रजी ग्रंथसंग्रहात तो प्रसिद्ध झाला, आणि संपादक विल्यम रॅस्टेल याने अनुवादिकेचा नावानिशी उल्लेख केला.