कापायची सोय असलेला नाच

आजचा विषय बहुतेक तुमच्या फोनवर कधीतरी येऊन गेलाय.

ब्लॅक अँड व्हाइट क्लिप आहे. टेलकोट घातलेले दोन कृष्णवर्णीय तरुण ऑर्केस्ट्राच्या मधून, वादकांच्या टेबलांवरून उड्या मारत नाचतायत. शेवटी मोठ्या रुंद पायऱ्या येतात. एक जण दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारतो आणि खालच्या पायरीवर थेट स्प्लिटमध्ये, म्हणजे पाय पूर्ण फाकवून, उतरतो. मग दुसरा याच्यावरून. असं करत करत दोघं खाली येतात. प्रत्येक वेळी हात न टेकता उठतात, आणि चेहऱ्यावरचं हसू जराही ढळत नाही.

हे निकोलस ब्रदर्स. मोठा फेयार्ड, जन्म 1914. धाकटा हॅरल्ड, जन्म 1921. चित्रपट 'स्टॉर्मी वेदर', साल 1943. फ्रेड अस्टेअर म्हणजे त्या काळातला हॉलिवूडचा सगळ्यात मोठा नाचणारा स्टार. त्याच्या मते चित्रपटातला इतका भारी नाच त्याने दुसरा पाहिला नव्हता.

आता एक करून बघा. याच दोघांच्या आधीच्या क्लिप्स शोधा. 'डाउन अर्जेंटाइन वे' 1940 चा, 'सन व्हॅली सेरेनेड' 1941 चा, 'ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज' 1942 चा. तिन्हीत नाच जबरदस्त. पण त्या चित्रपटांच्या गोष्टीत हे दोघं कोण आहेत? नायकाचे मित्र? शेजारी? कुणीच नाहीत. येतात, नाचतात, जातात. पुढे त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

हे असं का, ते आज बघूया.

आधी टॅप म्हणजे काय ते पटकन. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूच्या पट्ट्या असतात, त्यामुळे पाऊल पडलं की आवाज होतो. कथकमधला तत्कार आठवा, नाचणाराच वादक असतो. तसंच हे. याची मुळं अमेरिकेतल्या गुलामगिरीत आहेत. 1739 मध्ये साउथ कॅरोलिनात गुलाम लोकांनी उठाव केला. तो चिरडल्यावर 1740 च्या कायद्याने त्यांच्या ढोल वाजवण्यावर बंदी आली, कारण ढोलाचा आवाज लांबवर निरोप पोचवू शकतो. पण ठेका कसा काढून घेणार? टाळ्या, मांड्या, पाय, सगळ्यांतून तो चालूच राहिला. पुढे त्यात आयरिश जिग आणि इंग्लिश लाकडी बुटांचा नाच मिसळला. त्यातून टॅप घडत गेला.

1930 च्या आसपास चित्रपटाला आवाज आला आणि म्युझिकल्सची लाट आली. टॅप दिसायलाही मस्त, ऐकायलाही मस्त. हॉलिवूडला तो हवाच होता. आणि त्यातले दिग्गज होते कृष्णवर्णीय.

पण अडचण होती ती बाजाराची. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये वर्णभेदाचे कायदे होते. थिएटरात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळं बसवायचे, नाहीतर आतच घ्यायचे नाहीत. चित्रपट कापायचा अधिकार अनेक ठिकाणी स्थानिक सेन्सॉर मंडळांकडे होता. मेम्फिसमध्ये लॉइड बिनफर्ड नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं या मंडळाचे प्रमुख होते. 1947 मध्ये त्यांनी 'कर्ली' नावाच्या साध्या लहान मुलांच्या चित्रपटावर बंदी घातली. कारण काय, तर त्यात गोरी आणि काळी मुलं शाळेत एकत्र दाखवली होती.

मग स्टुडिओने काय केलं? भांडण नाही केलं. सोय केली.

आमच्या कामात फीचर फ्लॅग नावाचा प्रकार असतो. ॲपमधला एखादा भाग असा लिहायचा की ठरावीक ठिकाणच्या लोकांसाठी तो बंद करता येईल आणि बाकीचं ॲप सुरळीत चालेल. त्यासाठी एकच पथ्य पाळायचं, दुसरा कुठलाही भाग त्याच्यावर अवलंबून असता कामा नये. हॉलिवूडने हे पथ्य माणसांना लावलं. कृष्णवर्णीय कलाकाराचा नाच किंवा गाणं स्वतंत्र तुकडा म्हणून शूट करायचं. नायक-नायिकेशी संवाद ठेवायचा नाही. म्हणजे दक्षिणेत रीळ गेलं की कात्री लावा, गोष्टीला धक्का नाही.

'सन व्हॅली सेरेनेड'मध्ये ग्लेन मिलरच्या बँडचं एक गाणं आहे. आधी गोरे गायक ते पूर्ण गातात. मग निकोलस ब्रदर्स आणि डोरोथी डँड्रिज येऊन त्यावर नाचतात. तेवढा भाग काढला तरी गाणं पुरं झालेलंच असतं! गायिका लीना हॉर्नचंही तेच. 1942 मध्ये एमजीएमने तिच्याशी करार केला. मग चित्रपटामागून चित्रपटात ती सुंदर गाऊन घालून, बहुतेक वेळा एका खांबाशी उभी राहून गाते आणि गायब होते.

दुसरा मार्ग होता नोकराच्या भूमिकेचा. तिथे गोष्टीत जागा मिळायची, पण पायरी ठरलेली. बिल रॉबिन्सन, टोपणनाव बोजँगल्स, हे व्हॉडव्हिल म्हणजे विविधरंगी कार्यक्रमांच्या रंगभूमीवरचे बडे स्टार. पायऱ्यांवरचा टॅप ही त्यांची खासियत होती, प्रत्येक पायरीला वेगळा आवाज. 1935 च्या 'द लिटल कर्नल'मध्ये ते बटलर झाले आणि बालकलाकार शर्ली टेंपलबरोबर जिन्यावर नाचले. ते पन्नाशी कधीच ओलांडलेले, ती जेमतेम सहा-सात वर्षांची. गोऱ्या आणि काळ्या कलाकारांची जोडी हॉलिवूडच्या पडद्यावर एकत्र नाचली ती इथे पहिल्यांदा. पण एका लहान मुलीने एका म्हाताऱ्या नोकराचा हात धरला, तेवढंही दक्षिणेत खपलं नाही. तिथे हात धरलेला भाग कापला गेला.

जेनी लेगॉनच्या वाट्याला दोन्ही मार्ग आले. मुलींनी टॅप नाजूक करायचा अशी पद्धत असताना ही पँट घालून पुरुषांच्या तोडीच्या उड्या आणि स्प्लिट्स करायची. 1935 च्या 'हुरे फॉर लव्ह'मध्ये ती बिल रॉबिन्सनबरोबर नाचली, पिआनोवर फॅट्स वॉलर. त्याच वर्षी एमजीएमने करार केला आणि लगेच मोडलाही. त्यांच्या नव्या म्युझिकलची स्टार होती एलिनॉर पॉवेल, गोरी आणि तीही टॅप करणारी. नंतर जेनीला मिळत गेल्या त्या मोलकरणीच्या भूमिका. 1948 च्या 'ईस्टर परेड'मध्ये फ्रेड अस्टेअर नायक म्हणून नाचतो, आणि जेनी त्याच चित्रपटात मोलकरीण आहे.

आणि हाच अस्टेअर, ज्याने निकोलस ब्रदर्सचं इतकं कौतुक केलं, त्याने 1936 च्या 'स्विंग टाइम'मध्ये तोंडाला काळा रंग फासून बोजँगल्सच्या नावाने एक नाच केला. हेतू मानवंदनेचा होता. पण बघा, नाच पडद्यावर आला, नाव आलं, रंगही आला. माणूस तेवढा नाही आला.

म्हणूनच 1943 साल महत्त्वाचं आहे. त्या वर्षी 'केबिन इन द स्काय' आणि 'स्टॉर्मी वेदर' हे दोन चित्रपट आले, ज्यांत सगळे प्रमुख कलाकार कृष्णवर्णीय होते. त्यांतही साचेबंद विनोद आहेत, रॉबिन्सन आणि लीना हॉर्न यांच्या वयात जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर असून ती प्रेमकथा आहे. ते खटकतं. पण इथे रॉबिन्सन बटलर नाहीत, गोष्टीचे नायक आहेत. हॉर्न खांबाशी उभी नाही, तिला संवाद आहेत. त्यांना कापलं तर चित्रपटच उरत नाही. आणि पायऱ्यांवरच्या त्या उड्या? फेयार्ड सांगायचे की नृत्यदिग्दर्शक निक कॅसल यांनी तालीम करूच नका असं सांगितलं होतं, आणि शॉट पहिल्याच टेकला ओके झाला.

पुढे काय झालं? 1948 च्या 'द पायरेट'मध्ये जीन केलीने दोघा भावांना बरोबरीने घेऊन नाच केला. दक्षिणेत काही ठिकाणी तोही कापला गेला. त्यानंतर निकोलस ब्रदर्सना हॉलिवूडचं मोठं काम जवळजवळ मिळालंच नाही. ते युरोपात कार्यक्रम करत राहिले. देशाने मोठा सन्मान दिला, केनेडी सेंटरचा, तो 1991 मध्ये. तोवर फेयार्ड 77 वर्षांचे झाले होते.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाहीये. जे तुकडे सहज कापता यावेत म्हणून बनवले, तेच आज रील म्हणून सहज फिरतात. मूळ चित्रपटांची नावं फार थोड्यांना आठवतात, नाच लाखो लोक बघतात. कात्री लावणारे हरले म्हणायला हरकत नाही. पण रीलमध्येही तेच होतं ना! माणसं येतात, नाचतात, जातात. नाव नाही, गोष्ट नाही. आपण 'काय भारी!' म्हणून पुढे सरकवतो.

म्हणून या आठवड्याचा होमवर्क. 'स्टॉर्मी वेदर' पूर्ण बघा, सव्वा तासाच्या आसपासचा आहे, आपल्याकडच्या इंटरव्हलइतक्या वेळात संपतो. आणि मग 'सन व्हॅली सेरेनेड'मधला तो नाच, त्याच्या आधीची पाच मिनिटं आणि नंतरची पाच मिनिटं धरून. सांधा कुठे आहे, नेमकं कुठून कापता येईल, ते तुम्हाला सापडतं का बघा. सापडलं तर कळवा. भेटू पुढच्या भागात!