कराराचे नवीकरण व नंतरचा बदल (भारतीय कायदा)

कराराचे नवीकरण म्हणजे पक्षकारांनी परस्परसंमतीने जुन्या कराराच्या जागी नवा करार आणणे होय. तोच करार नव्या मुदतीसाठी पुढे चालू ठेवणे याला नूतनीकरण म्हणतात, ते वेगळे. नंतर केलेल्या समझोत्यामुळे मूळ करार संपला, केवळ बदलला की तसाच राहिला, हा प्रश्न वाद निर्माण झाल्यावर न्यायालयासमोर येतो. त्याच्या उत्तरावर मूळ करारातील हक्क टिकतात किंवा लोपतात.

कायदेशीर तरतूद

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ नुसार पक्षकारांनी जुन्याऐवजी नवा करार करण्याचे, जुना रद्द करण्याचे किंवा त्यात बदल करण्याचे ठरवल्यास मूळ कराराचे पालन करावे लागत नाही. यासाठी सर्व पक्षकारांची संमती आवश्यक असते. एकाने धाडलेली नोटीस पुरेशी नसते. कलम ६३ नुसार ज्याला वचन दिले आहे तो देणे पूर्णतः वा अंशतः माफ करू शकतो, मुदत वाढवू शकतो किंवा दुसरी योग्य वाटणारी फेड स्वीकारू शकतो.

न्यायालयीन कसोटी

न्यायालय दस्तऐवजाच्या शीर्षकापेक्षा त्यातील मजकूर, पक्षकारांचा हेतू व त्यांचे वर्तन पाहते. दोन्ही करार एकत्र नांदू शकतात का, आणि जुना करार नेमका कधी संपावा असे ठरले होते, हे प्रश्न निर्णायक ठरतात.

उदाहरणार्थ, शहाद्याच्या शेतकऱ्याने नंदुरबारच्या व्यापाऱ्याला १०० क्विंटल ओली लाल मिरची ठरावीक भावाने जानेवारीअखेर देण्याचे कबूल केले. पुढे दोघांनी केवळ १५ दिवस मुदत वाढवली, तर मूळ भाव व वजन कायम राहतात. परंतु मिरचीचा सौदा रद्द करून त्याऐवजी कापूस देण्याचे ठरले, तर ते नवीकरण होय. मग व्यापाऱ्याला मिरची मागता येत नाही.

प्रमुख निवाडे

भारत सरकार विरुद्ध किशोरीलाल गुप्ता (१९५९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, नंतरच्या समझोत्याने मूळ करार पूर्णपणे संपुष्टात आल्यास त्यातील लवादाचे कलमही त्याच्यासोबत संपते.

लता कन्स्ट्रक्शन खटल्यात (१९९९) बांधकाम व्यावसायिकाने १९८७ मध्ये सदनिका देण्याचा करार केला होता. १९९१ मध्ये सदनिकेऐवजी ९,५१,००० रुपये देण्याचे ठरले. मात्र संपूर्ण रक्कम मिळाल्यावरच जुने हक्क संपतील, असे नव्या करारात नमूद होते. रक्कम दिली गेली नाही. त्यामुळे मूळ करारातील हक्क कायम असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मानले.

तोंडी बदल

लेखी करार नंतरच्या तोंडी समझोत्याने बदलल्याचे सिद्ध करता येते. मात्र करार लेखी असणे कायद्याने बंधनकारक असेल किंवा तो नोंदणीकृत असेल, तर ही मुभा नाही. हा नियम भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ९२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९५ मध्ये आहे.

मर्यादा

धाक, फसवणूक वा अनुचित दबावाने मिळवलेली संमती मुक्त संमती ठरत नाही. कर्जाच्या अटी जामीनदाराच्या संमतीवाचून बदलल्यास कलम १३३ नुसार बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मुक्त होतो.

नंतरच्या कराराने कायद्यातील प्रतिबंध टाळता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्यात हे कलम विशेष महत्त्वाचे आहे. परवानगीविना पुरवणी करारपत्र करून असे हस्तांतरण वैध होत नाही.

इतर देशांत

इंग्लंडमध्ये फोक्स विरुद्ध बीअर (१८८४) या निवाड्यानुसार, कमी रक्कम स्वीकारून उरलेले देणे सोडण्याचे वचन नव्या प्रतिफलाशिवाय बंधनकारक नसते. भारतात कलम ६३ मुळे स्थिती वेगळी आहे. रॉक ॲडव्हर्टायझिंग खटल्यात (२०१८) तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘बदल लेखीच हवा’ हे करारातील कलम बंधनकारक मानले.