आधी शिकायचं की आधी कामाला लागायचं?

आमच्या एका गटात मागच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा अर्ज आला आणि बैठक चांगली तासभर लांबली. अर्ज शेळीसाठी नव्हता, बियाण्यासाठीही नव्हता. एका ताईंची मुलगी बारावी झाली आहे. तिला तालुक्याला राहून बीए करायचं आहे आणि नंतर पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा आहे. मुलीची आजीही गटात आहे. ती म्हणाली, "बारा वर्षं शिकतीच आहे. आता अजून तीन, आन् पुढं किती ते देवाला ठाऊक. कमावणार कधी?"

अर्ध्या जणी आजीच्या बाजूच्या झाल्या. कुणी म्हणालं, शिलाई शिकव. कुणी म्हणालं, एएनएमला घाल, दोन वर्षांत पगार सुरू होईल. मग सगळ्या आमच्याकडे बघायला लागल्या, कारण आम्ही सहयोगिनी, आम्ही बीए झालेल्या. खरं सांगतो, आम्हाला उत्तर आलं नाही. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला आणि आम्ही ग्रंथालयात गेलो. आपल्याच महाराष्ट्रात शे-सव्वाशे वर्षांपूर्वी बायका शिकायला बाहेर पडल्या, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी काय केलं, ते आज सांगतो.

आनंदीबाई जोशींचं नाव तुम्हाला माहीत आहे. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. बायकांना बाईच डॉक्टर मिळायला हवी, हे त्यांच्या मनानं घेतलं. 1883 साली त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि 1886 साली फिलाडेल्फियातून डॉक्टर होऊन निघाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात बायकांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण त्या क्षयानं खंगून परत आल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या कोल्हापूरच्या कामावर रुजूसुद्धा होऊ शकल्या नाहीत. नुसता हिशेब मांडणारा म्हणेल, शिकणं वाया गेलं. आम्हाला तसं म्हणवत नाही, पण हिशेब अवघड आहे हे कबूल करतो.

आता रखमाबाई ऐका. आनंदीबाईंपेक्षा त्या काही महिन्यांनीच मोठ्या. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या माहेरीच राहिल्या आणि वाचत राहिल्या. नवऱ्यानं नांदायला ये म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. नवरा कोर्टात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, पण पुढं 1887 साली कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. त्याआधी टाइम्स ऑफ इंडियात त्यांनी नाव न देता पत्रं लिहिली होती. लहानपणी लग्न लावलं की मुलीचं शिकणं तिथंच तुटतं, हे त्यांनी त्यात मांडलं होतं. 1888 मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तो दावा मिटला.

दुसऱ्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉक्टर एडिथ पीची यांनी पाठबळ दिलं, लोकांनी पैसे जमवले. लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकून 1894 साली त्या डॉक्टर झाल्या. पाच वर्षं गेली. परत येऊन सुरतेला कामाला लागल्या तेव्हा वयाची तिशी गाठली होती. त्या काळी तिशीत बायका आज्या व्हायच्या! पण पुढं सुरत आणि राजकोट मिळून तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी बायकांवर उपचार केले. एका पारड्यात पाच वर्षं आणि दुसऱ्यात तिसाहून जास्त. शिवाय त्यांना दुसरा रस्ता नव्हता. डॉक्टरीची सनद नसेल तर कुणी हातात शस्त्र देत नाही, आणि देऊही नये.

आम्हाला मात्र सगळ्यात जवळची वाटली ती पार्वतीबाई आठवले. यांचं नाव आमच्यापैकी कुणालाच नीट माहीत नव्हतं, याची लाज वाटली. कोकणातली बाई. विशीतच विधवा झाली, पदरात एक मुलगा. केशवपन झालेलं. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे या त्यांच्या सख्ख्या बहीण. बहिणीच्या आधारानं पुण्यात आल्यावर पार्वतीबाई थोडंफार शिकल्या. आपल्या गटातल्या कितीतरी जणी आज त्यांच्याहून जास्त शिकलेल्या असतील. कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला होता आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला. पार्वतीबाई तिथं शिकवायला लागल्या, आश्रमाची देखरेख करायला लागल्या, आणि मग आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. चारचौघांत उभं राहून भाषण करायचं. एका विधवेनं! आणि तेही शंभर वर्षांपूर्वी.

हे काम करता करता त्यांना कळलं की आपलं अडतंय कुठं. अडत होतं इंग्रजीवर. म्हणून 1918 साली, पन्नाशीला आल्या असताना, त्या अमेरिकेला गेल्या. फी भरायला पैसे नव्हते. लोकांच्या घरी घरकाम केलं, भांडी घासली आणि तिथंच भाषा शिकल्या. परत आल्यावर आश्रमाचं काम पुन्हा हाती घेतलं. आधी काम, मग शिक्षण. आपल्याला काय शिकायचं आहे हे त्यांना आधी पक्कं कळलं होतं, त्यामुळे वर्षं वाया जाण्याचा प्रश्नच आला नाही.

आणखी एक रस्ता सातारकरांनी दाखवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. गरिबाची पोरं वसतिगृहात राहायची, स्वतः स्वयंपाक करायची, शेतात राबायची आणि शिकायची. कमवा आणि शिका. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. 1947 साली साताऱ्याला कॉलेज झालं, तिथंही हीच रीत. म्हणजे शिकायचं एकीकडे आणि कमवायचं दुसरीकडे, अशी भिंत त्या माणसानं घातलीच नाही.

आता आमचं सांगतो. आमच्यातल्या दोघींनी बीए नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून केलं, तेही लग्न झाल्यावर. दिवसा गटाची कामं आणि रात्री पुस्तकं. हे विद्यापीठ 1989 साली निघालं नसतं तर आम्ही बारावीवरच राहिलो असतो. पदवीचा उपयोग झाला का? सहयोगिनीचं काम मिळायला थोडा झाला. पण कर्जखतावणी लिहायला, बँकेच्या साहेबासमोर न घाबरता बोलायला आम्ही कामातच शिकलो. तिसरीचं वेगळं. ती तीन वर्षं कॉलेजला गेली, मग दोन वर्षं पुण्यात खोली घेऊन परीक्षा देत बसली. वडिलांनी त्यासाठी जमिनीचा तुकडा गहाण टाकला होता. ती आजही त्या दोन वर्षांबद्दल फारसं बोलत नाही. आम्हीही विचारत नाही.

हे सगळं आम्ही परवाच्या बैठकीत सांगितलं. आजीनं एकच विचारलं, "ती लंडनची डॉक्टरीण कामाला लागली तवा किती वर्षांची व्हती?" आम्ही म्हणालो, तीस. आजी म्हणाली, "मग आमची अठराचीच हाय." सगळ्या हसल्या, पण आजीनं पुढं मुलीलाच धरलं. "त्या बाईला माहीत व्हतं डॉक्टर व्हायचं. तुला काय व्हायचंय?" मुलगी गप्प बसली. मग म्हणाली, नक्की माहीत नाही, पण शिकायचंय.

आम्हाला ते उत्तर खोटं वाटलं नाही. अठराव्या वर्षी किती जणींना माहीत असतं? पण न ठरलेल्या गोष्टीसाठी पाच वर्षांचं कर्ज काढावं, असंही वाटलं नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठराव असा झाला की पहिल्या वर्षाची फी तेवढी गटातून द्यायची, नेहमीच्या व्याजानं, दहा हप्त्यांत. कॉलेज तालुक्यालाच, येऊन-जाऊन. शनिवारी-रविवारी मुलीनं गटाच्या मसाला कांडपावर हिशेब लिहायचा, त्याचे पैसे तिच्या नावावर जमा व्हायचे. पुण्याचं नंतर बघू. वर्ष संपलं की ती स्वतः बैठकीत येऊन सांगणार आहे, पुढं काय ते.

इतिवृत्तावर सगळ्यांनी सह्या केल्या. आजीनं अंगठा दिला, आणि तो पुसता पुसता नातीला म्हणाली, शनिवारी लवकर ये, मिरची सकाळीच येते.