जहाजावरचे घड्याळ आणि मोटरचा जळका वास

कपडे धुण्याचे यंत्र नुसते गुरगुरते, फिरत नाही. जळका वास येतो, क्वचित धूरही दिसतो. आपण बटण बंद करायला धावावे, तर ते आपोआप थांबलेले! अर्ध्या तासाने पुन्हा गुरगुरू लागते, आणि घरातल्यांना वाटते, यंत्र सुधारले. हे थांबणे-सुरू होणे समजून घ्यायचे तर अठराव्या शतकातल्या एका घड्याळाकडे जावे लागते.

समुद्रावर रेखांश काढण्याच्या खात्रीच्या पद्धतीसाठी ब्रिटिश संसदेने १७१४ साली २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने त्यासाठी घड्याळे बनवली. अडचण उष्णतेची होती. उकाड्यात घड्याळाची स्प्रिंग मऊ पडते आणि घड्याळ मागे राहते. हॅरिसनने पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या रिव्हेटने जोडल्या. तापल्यावर पितळ पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते, म्हणून जोडपट्टी वाकते. या वाकण्याने स्प्रिंगची लांबी आपोआप कमी-जास्त होई. सुमारे १९ वर्षे खपून १७५९ साली पुरे झालेले हे तिसरे घड्याळ मागे पडले, त्याच्या पुढच्या छोट्या घड्याळाने नाव कमावले. द्विधातू पट्टी मात्र टिकली.

विजेच्या कामी तिच्यात एक खोट होती. ती हळूहळू वाकते, त्यामुळे संपर्क सुटताना ठिणग्या पडतात. अमेरिकेतील जॉन स्पेन्सर तरुणपणी बॉयलर सांभाळत असे. तापल्यावर भट्टीचे दार ‘टक्’ आवाज करून उलट फुगते, हे त्याच्या ध्यानात आले, असे सांगतात. त्याने द्विधातूची बशीसारखी तबकडी केली. ती ठरावीक तापमानाला एकदम उलटते. १९२० च्या दशकात ती इस्त्रीत आली, पुढे मोटरच्या गुंडाळीशेजारी जाऊन बसली.

तेथे तिची गरज का? कंडेन्सर बिघडला किंवा ड्रम अडकला की मोटर फिरत नाही आणि नेहमीच्या कितीतरी पट विद्युतधारा घेते. पण नेहमीची धाराच दोन-एक अँपिअर. चार-पाच पट झाली तरी १५ अँपिअरचा फ्यूज वितळत नाही. तारेवरचे व्हार्निश मात्र भाजू लागते. जळका वास बहुधा त्याचाच. (पट्टा घसरत असेल तर वास रबराचा येतो.)

तबकडी तापते, उलटते, प्रवाह तुटतो. निवली की सरळ होते आणि प्रवाह पुन्हा सुरू. कंडेन्सर तसाच बिघडलेला असतो, व्हार्निश आणखी थोडे जळते. म्हणून आम्ही अशा वेळी आधी प्लग काढतो, आणि मिस्त्री येईपर्यंत तो पुन्हा लावत नाही.