पायभात्यापासून बिनतारी आज्ञेपर्यंत : आपोआप वाजणाऱ्या पियानोचा इतिहास



 इतिहासाचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह आणि राजवटी यांचीच अपेक्षा असते. आज मी एका वाद्याचा इतिहास सांगणार आहे, आणि तोही वाजविणाऱ्याविना वाजणाऱ्या वाद्याचा. बडोद्यात हा विषय अगदीच परका वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांनी याच नगरीत गायनशाळा उघडली आणि मुखाने व कानाने चालत आलेले गाणे कागदावर उतरविण्यासाठी स्वरलेखनाची पद्धत बसविली. गाणे नोंदवून ठेवले तर त्यातले नेमके काय उरते, हा प्रश्न अशा प्रत्येक उद्योगात दडलेला असतो. जवळपास त्याच काळात अमेरिकेत आणि जर्मनीत काही कारागीर या प्रश्नाचे अगदी निराळे उत्तर शोधत होते. त्यांची ही कथा आहे.

नोंद कशाची?

प्रथम आजचे चित्र पाहू. यजमान खुर्चीत बसलेले आहेत. हातातील स्मार्टफोनच्या काचेवर ते बोट टेकवितात, आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील पियानोच्या पट्ट्या, समोर कोणीही बसलेले नसता, खालीवर होऊ लागतात. खऱ्या तारांवर खऱ्या हातोड्या पडतात आणि खरा नाद उमटतो. पाहणाऱ्याला वाटते, गाणे फोनमधून निघून हवेतून पियानोत शिरले. तसे मात्र घडत नाही. फोनमधून जाते ती आज्ञा. पियानोपाशी जी नोंद असते तीत नाद मुळीच नसतो. अमुक पट्टी, अमुक क्षणी, अमुक वेगाने खाली जावी आणि अमुक वेळ दाबलेली राहावी, एवढेच तीत लिहिलेले असते. ध्वनिमुद्रिका नादाची नोंद ठेवते. हे वाद्य कृतीची नोंद ठेवते. एवढा भेद ध्यानी धरला म्हणजे पुढचा इतिहास उलगडणे सोपे जाते.

छिद्रांची भाषा

कृतीची नोंद ठेवण्याची कल्पना प्राचीन आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी दाते बसविलेल्या फिरत्या नळकांड्यावर चालणाऱ्या, स्वतःच वाजणाऱ्या एका सुषिर वाद्याचे वर्णन केले आहे. युरोपातील संगीतपेट्याही याच तत्त्वावर चालत. नळकांड्यावर मावेल तेवढेच गाणे, ही त्यातली अडचण. फ्रान्समध्ये जाकार याने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी चालणारा विणकामाचा माग सिद्ध केला. पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडीत गेले की नमुना हवा तितका लांबविता येई. विणकराच्या मागावरची ही छिद्रांची भाषा पुढे वाद्यांनी उचलली.

एडविन व्होटी या अमेरिकन कारागिराने १८९५ साली डेट्रॉइट शहरात जे यंत्र बनविले, ते 'पियानोला' या नावाने जगभर गाजले. पहिला पियानोला पियानोच्या आत नव्हताच. ते एक लाकडी कपाट होते. ते पियानोसमोर आणून उभे करीत आणि त्याची नमदा लावलेली बोटे पट्ट्यांवर पडत. यंत्रापुढे बसलेला मनुष्य पायांनी भाता चालवी. आपल्याकडची पायपेटी ज्यांनी वाजविली आहे, त्यांना हे श्रम ठाऊक आहेत. भात्याने यंत्रातील हवा ओढून घेतली जाई. छिद्रे पाडलेला कागद एका पितळी दांडीवरून सरकत असे आणि त्या दांडीला प्रत्येक स्वरासाठी एक भोक असे. कागदाचे छिद्र त्या भोकावर आले की बाहेरची हवा आत शिरे, झडप उघडे, त्या स्वराचा लहानसा भाता आकसे आणि बोट पट्टीवर येई.

आरंभी प्रत्येक कारखान्याच्या कागदी गुंडाळ्यांचे माप वेगळे होते. १९०८ साली बफेलो येथे उत्पादकांची परिषद भरली आणि कागदाची रुंदी सव्वाअकरा इंच, तर अठ्ठ्याऐंशी स्वरांच्या गुंडाळीवर इंचाला नऊ छिद्रे, असे माप ठरले. त्यामुळे एका कारखान्याची गुंडाळी दुसऱ्याच्या वाद्यावर चालू लागली. एका समान मापावर प्रतिस्पर्ध्यांचे एकमत होणे, ही या इतिहासातील फार मोलाची घटना होय. पंचाहत्तर वर्षांनी तिची पुनरावृत्ती होणार होती.

या वाद्यासमोर बसलेला मनुष्य निव्वळ श्रोता नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. कोणता स्वर केव्हा यावा हे कागद ठरवी. परंतु पायाचा दाब वाढला की नाद मोठा होई, आणि हाताजवळच्या दांड्यांनी लय सैल वा आवळ करता येई. अर्धी कृती कागदाची, अर्धी माणसाची, अशी ती वाटणी होती.

कलावंताचा हात

ही वाटणी जर्मनीत मोडली. फ्रायबुर्ग येथील एडविन वेल्टे आणि कार्ल बोकिश यांनी १९०४ साली 'वेल्टे-मिन्यों' हे यंत्र आणले. एखाद्या थोर वादकाने प्रत्यक्ष वाजविलेले वादन, त्यातील लयीचे चढउतार आणि नादाचे लहानमोठेपण यांसह, कागदावर उतरवावयाचे, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. कागदाच्या कडांवरील जादा छिद्रे जोराची सूचना देत, आणि भाता विजेच्या बळावर चाले. श्रोत्याचे पाय मोकळे झाले. ग्रीग, द्यूबसी, साँ-साँस अशा संगीतकारांनी या यंत्रासाठी वादन केले. पुढे अमेरिकेत 'अँपिको' आणि 'ड्युओ-आर्ट' ही अशीच यंत्रे निघाली.

गुस्ताव माहलर याने ९ नोव्हेंबर १९०५ रोजी लाइपझिग येथे वेल्टेसाठी आपल्या चार रचना वाजविल्या. माहलरचे कोणतेही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्याच्या वादनाचा पुरावा म्हणून या चार गुंडाळ्याच काय त्या आपल्या हाती आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावध व्हावे. गुंडाळी कोणत्या गतीने फिरवावी, भात्याचा दाब किती ठेवावा, पियानो कोणता घ्यावा, यांवर ऐकू येणारे वादन बदलते. म्हणजे माहलर आपल्याशी थेट बोलत नाही. त्याची साक्ष दुभाष्यामार्फत येते. दुभाषी किती कुशल आहे, हे तपासल्यावाचून त्या साक्षीवर निकाल देऊ नये. बखरीचे जे, तेच या कागदाचे.

न्यायालयाच्या दारी

कृतीची नोंद हे वाङ्मयचौर्य होऊ शकते काय, असा प्रश्न लवकरच उभा राहिला. गीतकारांच्या चाली छिद्रांत उतरवून कारखानदार पैसा मिळवीत होते आणि रचनाकाराला छदामही मिळत नव्हता. बँडपथकाचा प्रख्यात नायक जॉन फिलिप सूझा याने १९०६ साली यांत्रिक संगीताच्या संकटावर एक जळजळीत लेख लिहिला. यंत्र घरात आले की मुले वाद्य शिकावयाची सोडतील, आणि हौशी गायकवादकांची पिढीच खुंटेल, असे त्याचे म्हणणे होते.

१९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'व्हाइट-स्मिथ विरुद्ध अपोलो' या खटल्यात निर्णय दिला. छिद्रांचा कागद माणसाला वाचता येत नाही, सबब तो स्वरलिपीची प्रत नसून यंत्राचा भाग आहे, आणि म्हणून रचनाकाराच्या हक्काचा भंग होत नाही, असा तो निर्णय होता. न्यायमूर्ती होम्स यांनी निर्णयाशी सहमती दर्शविली, तरी तर्काला हे पटत नाही असेही सुचविले. दुसऱ्याच वर्षी, १९०९ साली, अमेरिकेच्या संसदेने कायदा बदलला आणि प्रत्येक यांत्रिक प्रतीमागे रचनाकाराला दोन सेंट द्यावेत, असे ठरविले. नंतरच्या काळात ध्वनिमुद्रिकांवर रचनाकारांना मिळालेल्या मानधनाचे मूळ अमेरिकेत याच तरतुदीत आहे. वाचता येत नाही म्हणून ती नक्कल नव्हे, हा युक्तिवाद आपल्या अंकीय युगातही नव्या वेशात पुढे येतो. म्हणून हा जुना खटला विसरू नये.

उतरती कळा

१९२३ च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक आपोआप वाजणारे होते. त्यानंतर रेडिओ घराघरांत शिरला, १९२५ पासून विजेच्या साह्याने होणारे ध्वनिमुद्रण सुधारले, आणि १९२९ च्या आर्थिक कोसळीने उरलासुरला धंदाही बसला. ज्या यंत्राने पियानोशिक्षकाला धाक घातला होता, ते स्वतःच अडगळीत गेले.

या अडगळीतून एका निर्वासिताने अपूर्व संगीत निर्माण केले. कॉनलन नॅनकॅरो हा १९१२ साली अमेरिकेत जन्मला. स्पेनच्या यादवी युद्धात तो फ्रँकोविरुद्ध लढला आणि मायदेशी कम्युनिस्ट म्हणून अडचणी येऊ लागल्या तेव्हा १९४० साली मेक्सिकोत गेला. मनात आलेल्या लयी वाजवू शकेल असा वादक त्याला मिळेना. तेव्हा त्याने छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळविले आणि एकेक छिद्र हाताने पाडून आपल्या रचना सिद्ध केल्या. दहा बोटांना अशक्य असे ते संगीत होते. १९९७ साली मेक्सिको नगरीत त्याचा अंत झाला. इतरांनी यंत्राला माणसाची नक्कल शिकविली. नॅनकॅरोने त्याला यंत्राचीच भाषा बोलू दिली.

अंक, फोन आणि बिनतारी लहरी

पुढचे वळण १९८३ सालचे. त्या वर्षी जपानी व अमेरिकन वाद्यनिर्मात्यांनी 'मिडी' नावाची समान संकेतपद्धती मान्य केली. बफेलोच्या परिषदेनंतर पंचाहत्तर वर्षांनी झालेली तिची ही पुनरावृत्ती. कागदातील छिद्राची जागा अंकाने घेतली. कोणती पट्टी हे एका अंकाने आणि ती किती वेगाने दाबली हे एक ते एकशेसत्तावीस यांतील दुसऱ्या अंकाने सांगितले जाते. याच दशकात यामाहा कंपनीचा 'डिस्क्लाव्हियर' आला. त्यात हवेच्या भात्यांऐवजी प्रत्येक पट्टीखाली विद्युतचुंबक असतो, प्रकाशाच्या साह्याने पट्टीची हालचाल टिपली जाते, आणि ही नोंद तेव्हा फ्लॉपीवर साठविली जाई. फ्लॉपीही आता इतिहासजमा झाली. २०१५ साली 'स्टाइनवे'ने 'स्पिरिओ' आणला, तर २०१६ पासूनच्या डिस्क्लाव्हियरची सूत्रे घरच्या वाय-फायवरून फोनच्या हाती आली.

फोन घरातील राउटरकडे संदेश पाठवितो आणि राउटर तो पियानोच्या नियंत्रकाकडे पोचवितो. 'हे वादन सुरू कर', 'नाद कमी कर', एवढाच बहुधा तो संदेश असतो. एकेक स्वर फोनमधून धाडणे शक्य असले तरी सोयीचे नसते; कारण बिनतारी संदेश कधी लवकर, कधी किंचित उशिरा पोचतात, आणि लयीतील तेवढा विस्कळीतपणाही कानाला खटकतो. म्हणून नोंद आधी वाद्यापाशी साठविली जाते आणि वाद्य ती स्वतःच्या घड्याळावर वाजविते. आणखी एक गंमत आहे. हळू दाबलेल्या पट्टीची हातोडी तारेपर्यंत पोचण्यास जोरात दाबलेल्या पट्टीपेक्षा अधिक वेळ घेते. म्हणून डिस्क्लाव्हियरमध्ये सुमारे अर्ध्या सेकंदाचा अवकाश राखून मृदू स्वरांची तयारी आधी सुरू करण्याची सोय आहे. कुशल वादकाचे बोट हेच गणित नकळत सोडवीत असते.

उलट दिशेचा प्रवासही झाला. ग्लेन गूल्ड या कॅनेडियन वादकाचे १९८२ साली निधन झाले. त्याच्या १९५५ सालच्या ध्वनिमुद्रणातील नादावरून त्याच्या बोटांची कृती संगणकाने शोधून काढली, आणि २००६ साली टोराँटो येथे रिकाम्या आसनासमोरचा पियानो ते वादन पुन्हा वाजविताना श्रोत्यांनी ऐकला.

आपल्यासाठी

हिंदुस्थानी संगीताला या यंत्राचा उपयोग का झाला नाही, हे आता सहज कळेल. हातोडी तारेवर पडून गेली की तो स्वर वादकाला वळविता येत नाही. मींड आणि आंदोलन यांना तेथे थारा नाही. याच उणिवेवरून १९४० साली आकाशवाणीने संवादिनीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. काही काळ बडोद्याच्या दरबारी गायक असलेल्या अब्दुल करीम खाँचा स्वर आज आपल्यापर्यंत पोचतो, तो ध्वनिमुद्रिकेमुळे. त्यांच्या गळ्याची कृती अठ्ठ्याऐंशी छिद्रांत मावणारी नव्हती.

सूझाची भीती खरी ठरली काय? काही अंशी ठरली. भाता चालविणारा गृहस्थ अर्धा वादक होता. फोनवर बोट टेकविणारा पूर्ण श्रोता झाला आहे. सोय वाढत गेली आणि सहभाग आटत गेला, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याच वाद्याचा आणखी एक उपयोग आहे. विद्यार्थी त्यावर स्वतः वाजवितो, मग उठून दूर उभा राहतो, आणि आपलेच वादन, आपल्या साऱ्या चुकांसह, त्याच तारांवर पुन्हा ऐकतो. वाजविताना ज्या चुका कानाआड गेल्या, त्या आता लपत नाहीत. शिक्षक जवळ नसला तरी यंत्र ते वादन जसेच्या तसे पुढे ठेवते. काय सुधारावे, हे मात्र ते सांगत नाही. तो कान गुरूच्या सहवासातच तयार होतो, आणि ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्या गुरुजनांचे कार्य नेमके तेच होते.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र घरी आले तर त्याचे जरूर स्वागत करा. फक्त दिवसातून थोडा वेळ तो फोन बाजूला ठेवून त्या आसनावर स्वतः बसत जा.