उपग्रह गेला, गुरुजी राहिले

शिक्षणात यंत्राचे स्थान कोणते, या प्रश्नाची चर्चा आपण बहुधा संगणक आणि मोबाइलपासून सुरू करतो. वस्तुतः भारताने त्याचे एक उत्तर अर्धशतकापूर्वीच शोधले होते.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षासाठी अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह भारताच्या सेवेस आला. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. वीज नसलेल्या काही गावांत ते बॅटरीवर चालत. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी ग्रामस्थांसाठी कार्यक्रम असत. डॉ. विक्रम साराभाई यांनी या योजनेचा पाया घातला; परंतु १९७१ साली त्यांचे निधन झाल्याने तिची पूर्तता त्यांना पाहता आली नाही.

या प्रयोगाचे कौतुक पुष्कळ झाले. तथापि आम्हांला त्याचा एक कमी परिचित भाग अधिक मोलाचा वाटतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाचे १२ दिवसांचे प्रशिक्षण योजिले. खेड्यातील शिक्षक एका संचासमोर एकत्र बसत. पडद्यावरचा पाठ संपला की खरा वर्ग सुरू होई. मार्गदर्शकाच्या साहाय्याने चर्चा चाले, भोवताली मिळणाऱ्या साध्या वस्तू घेऊन शिक्षक स्वहस्ते प्रयोग करीत. जोडीला आकाशवाणीचे कार्यक्रम व छापील साहित्य असे.

वर्ष सरले आणि उपग्रह पुन्हा पश्चिम गोलार्धाकडे वळविण्यात आला. त्याच्यासोबत त्याचे कार्यक्रमही गेले. शिक्षकांच्या हाती आलेले कसब मात्र कोणी परत नेऊ शकत नव्हते.

पुढे साधने झपाट्याने वाढली. २००४ साली भारताने खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला. २०१७ साली ‘दीक्षा’ हे संगणकीय व्यासपीठ आले. २०२० च्या महामारीत ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण त्याच व्यासपीठावर नेण्यात आले. घरबसल्या शिकण्याची ही सोय मोठीच आहे. परंतु एकट्याने पडदा पाहणे आणि सहकाऱ्यांसह प्रयोग करून पाहणे यांत अंतर आहे, हे विसरून कसे चालेल?

शाळेत नवा पडदा लागला की आपण पालक हरखून जातो. यापुढे एक प्रश्न अवश्य विचारावा: या पडद्यासाठी शाळेने पैसा काढला; आमच्या शिक्षकांना एकत्र बसून शिकता यावे म्हणून वेळ किती काढला?